तीन टक्क्यांची लाज कशाला?



शेंद्रा एमआयडीसीजवळच्या वस्तीतून एका भगिनीचे पत्र आले आहे. घरधनी कंत्राटी कामगार, ताई स्वतः दोन घरची धुणीभांडी करतात आणि मुलगी बारावी सायन्सला आहे. प्रयोगशाळेची पायरी चढणारी घराण्यातली ती पहिलीच. पत्राचा मजकूर थोडक्यात असा : मुलीने केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये ब्युरेटचे रीडिंग १०.३ घेतले. उत्तर ताडून पाहिले तेव्हा ‘परसेंट एरर’ जवळजवळ तीन आला. शेजारी उभ्या असलेल्या मुली म्हणाल्या, खोड आणि १०.० लिही, सगळे तसेच लिहितात. तिने खोडले. रात्री मात्र जेवली नाही. ताई विचारतात, ‘‘भाऊ, एरर म्हणजे चूक ना? मग माझ्या पोरीने चूक केली, की चूक सुधारली?’’

शेंद्रा म्हटले की जुन्या माणसांना मांगीरबाबाची जत्रा आठवते. नव्या पिढीला आठवते ती एमआयडीसी. स्कोडा मोटारींचा कारखाना तेथे २००१ साली आला, आता त्याच्याच अंगाला ऑरिकची औद्योगिक वसाहत उभी आहे. या पट्ट्यातल्या वस्त्यांतून आपली शेकडो माणसे शिफ्टला जातात. त्यांच्या पोरांनी प्रयोगशाळेत काय शिकावे हा प्रश्न म्हणून एका घरापुरता राहत नाही. मी वाणिज्य शाखेचा, पोटापाण्याला कारकुनी करणारा माणूस. रसायनातले जे पुढे लिहिले आहे ते विज्ञान शिकवणाऱ्या मित्रांकडून तपासून घेतले आहे. टक्केवारी मात्र माझ्या रोजच्या कामातली आहे.

ताई, पहिली गोष्ट ही की येथे एरर म्हणजे गुन्हा नव्हे. पुस्तकात त्याला त्रुटी म्हणतात. आपले माप खऱ्या मापापासून किती दूर राहिले, एवढेच ती सांगते. जगात असे एकही माप नाही की ज्यात त्रुटी नाही. कापडवाल्याची पट्टी, डॉक्टरचा थर्मामीटर, मोठ्या संशोधकाचा तराजू, सगळ्यांना ती आहे. कोणाची थोडी, कोणाची जास्त.

आता तुमच्या मुलीचा प्रयोग पाहू. ऑक्झॅलिक आम्लाचे ०.०५ मोलर द्रावण पिपेटने १० मिलिलिटर घ्यायचे, त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून ते गरम करायचे, आणि ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे पाणी थेंब थेंब सोडायचे. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचे. सरांनी परमँगनेट ०.०२ मोलर बनवून ठेवलेले असते. ते बरोबर असेल आणि हातही बरोबर चालला असेल तर ब्युरेटमधले १०.० मिलिलिटर खर्च व्हायला हवे. पोरीचे झाले १०.३. सूत्राने भागाकार केला, ०.२ भागिले १०.३, की उत्तर येते ०.०१९४.

शेकडा त्रुटी काढायची रीत अशी. आपल्या उत्तरातून खरे उत्तर वजा करा. ०.०१९४ वजा ०.०२, म्हणजे उणे ०.०००६. त्याला खऱ्या उत्तराने भागा, शंभराने गुणा. आले उणे तीन टक्के. दशांशाची आणखी घरे धरली तर उणे २.९. बस, एवढेच. लक्षात ठेवायचे ते हे की भागायचे खऱ्या मापाने, आपल्या मापाने नव्हे. शेकडा म्हटले की ‘कशाच्या शेकडा’ हे विचारलेच पाहिजे. पुढाऱ्यांच्या भाषणातली टक्केवारीसुद्धा याच प्रश्नापाशी लटपटते, पण ते असो.

पुष्कळ मुले हा आकडा काढतात आणि उणे-अधिक चिन्ह टाकून देतात. माझ्या मते तेथेच अर्धे शिक्षण वाया जाते. चिन्ह सांगते की चूक कोणत्या दिशेला झाली, आणि दिशा कळली की कारण शोधता येते. रीडिंग जास्त आले, म्हणजे परमँगनेट जास्त खर्च झाले. का झाले असावे? ब्युरेट नुसत्या पाण्याने धुतली आणि परमँगनेटने खळबळून घेतली नाही तर आतले पाणी द्रावण पातळ करते, मग ते जास्त लागते. ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा अडकला असेल आणि प्रयोग चालू असताना निघून गेला, तर त्याची जागा भरणारे द्रावणही आपल्या रीडिंगमध्ये धरले जाते. पिपेटच्या टोकाला राहिलेला शेवटचा थेंब फुंकर मारून पाडला, तर ऑक्झॅलिक आम्ल जास्त गेले. तो थेंब फुंकायचा नसतो, तो हिशोबात धरलेलाच नसतो. गुलाबी रंग आल्यावर हात वेळेवर थांबला नाही तर चार थेंब वर गेले. सल्फ्युरिक आम्ल कमी पडले तर पाणी तपकिरी, गढूळ होते आणि परमँगनेट भलतीकडेच खर्च होते. याच्या उलट, द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवलेच नाही, तर सुरुवातीला क्रिया इतकी सावकाश चालते की रंग लवकर टिकल्यासारखा वाटतो. मुले फसतात, आणि रीडिंग कमी येते.

आणखी एक. बहुतेक द्रावणांत पातळीचा खालचा बाक वाचायचा असतो. परमँगनेट इतके गडद की खालचा बाक दिसतच नाही, म्हणून त्याची वरची कड वाचतात. सुरुवातीला वरची कड वाचली तर शेवटीही वरचीच वाचायची. डोळा पातळीच्या समोर हवा. उंच स्टँडवरची ब्युरेट खालून मान वर करून वाचली तर आकडा बदलतो. आपल्या बुटक्या पोरींनी स्टूल मागून घ्यावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

म्हणजे १०.३ या आकड्यात केवढी माहिती दडलेली होती पाहा. ब्युरेट कशी धुतली, बुडबुडा होता का, हात कसा थांबला. खोडून १०.० केले आणि ती सगळी माहिती पुसली गेली. पोरीला उत्तर मिळाले, पण तिचा हात कुठे चुकतो हे तिला कोणीच सांगू शकत नाही, तिचे सरसुद्धा नाही. यात मी पोरीला दोष देत नाही. पूर्ण वर्गाची जर्नले एकाच जर्नलावरून उतरवून घेण्याची पद्धत ज्यांनी चालू दिली, दोष त्यांचा आहे. चाळीस मुलांचे रीडिंग १०.०, १०.० आणि १०.० आले, तर त्या वर्गात चाळीस प्रयोग झाले नाहीत. एकही झाला नाही.

ब्युरेटच्या एका थेंबात अंदाजे ०.०५ मिलिलिटर असते. दहा मिलिलिटरवर एक थेंब म्हणजे अर्धा टक्का. अर्ध्या टक्क्याला कोण विचारतो, असे वाटेल. या अर्ध्या टक्क्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नावाचे शास्त्रज्ञ नायट्रोजन वायूचे वजन करत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन भरला की एक लिटरचे वजन यायचे १.२५७२ ग्रॅम. अमोनियासारख्या रसायनापासून बनवलेला नायट्रोजन भरला की यायचे १.२५०५ ग्रॅम. वायू एकच, मग वजने दोन कशी? फरक ०.००६७, म्हणजे शेकडा अर्ध्याच्या जरा वर. आपल्या पोरीच्या हातातल्या एका थेंबाएवढा. रॅलेसाहेब मोठे उमराव होते, नाव होते, ‘प्रयोगात थोडेफार होतेच’ म्हणून आकडा गोल केला असता तर कोणी जाब विचारला नसता. पहिल्यांदा तर त्यांना फरक हजारात एक एवढाच दिसला होता. त्यांनी तो दडपला नाही. उलट रीत बदलून, सगळाच नायट्रोजन अमोनियातून येईल अशी तजवीज करून, फरक आणखी वाढतो का ते पाहिले. तो वाढला, दोनशेत एक झाला. त्याआधी १८९२ साली त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना विचारले की हा फरक कशाचा, कोणी सांगेल का?

विल्यम रॅमसे यांनी या कामात लक्ष घातले. दोघांनी १८९४ साली जाहीर केले की हवेत आजवर कोणाला न सापडलेला एक वायू आहे, नायट्रोजनपेक्षा जड, आणि कशाशीही संयोग न करणारा. त्याचे नाव आर्गन. हवेत तो शेकडा ०.९३ आहे. तेव्हा त्यांनी हेन्री कॅव्हेंडिश यांचा १७८५ सालचा जुना प्रयोगही काढून पाहिला. हवेतला सगळा नायट्रोजन संपवल्यावर शेवटी एक बारीकसा बुडबुडा उरतो, तो एकशेविसाव्या भागापेक्षा जास्त नाही, असे त्या गृहस्थाने प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. त्याला त्याचे कारण सापडले नव्हते, पण त्याने आकडा खोडला नाही. शंभरावर वर्षांनी तो दुसऱ्यांच्या कामी आला. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शेंद्र्याच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये काम करणाऱ्या बांधवांना आर्गन सांगायला नको. स्टेनलेस स्टीलला ‘आर्गन मारतात’ ते याच वायूचे सिलिंडर लावून. तापलेल्या धातूला हवा लागू न देणे हे त्याचे काम. अर्ध्या टक्क्याच्या न खोडलेल्या फरकातून निघालेल्या वायूवर आज आपल्या कित्येक वेल्डरांची चूल पेटते.

येथे कोणी म्हणेल, पुस्तकातले मूल्य खरे नाही का, त्याला आव्हान देणारी बारावीची पोर कोण? ग्रंथात लिहिले आहे, परंपरेने चालत आले आहे, मोठा माणूस सांगतो आहे, एवढ्यावरून मानू नका, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. त्याचा अर्थ पुस्तक फेकून द्या असा नाही. रसायनाच्या पुस्तकातला आकडा पोथीतल्या आकड्यासारखा नसतो. अनेकांनी अनेकदा मोजून तो ठरवलेला असतो, आणि कोणालाही तो पुन्हा मोजून पाहण्याचा हक्क असतो. या हक्काची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार? बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि त्याला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले. राजा मिलिंद कशासाठी ओळखला जातो? भदंत नागसेनांना प्रश्न विचारण्यासाठी. नागसेनवनाच्या सावलीत वाढलेल्या समाजाच्या पोरीने प्रश्न खोडून उत्तर उतरवून घ्यावे, हे मला पटत नाही.

आता रोजीरोटीचे बोलू. बारावी सायन्स, बी.एस्सी. किंवा आयटीआयचा केमिकल प्लांटमधल्या लॅबोरेटरी असिस्टंटचा कोर्स केलेली आपली मुले कारखान्यात कुठे लागतात? क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये, पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर, सांडपाण्याच्या ईटीपीवर. बहुतेक कंत्राटावर. तेथे लॉगबुक असते आणि त्यात दर शिफ्टला रीडिंग लिहून सही करायची असते. सांडपाण्याचा सीओडी नावाचा एक आकडा असतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. समजा खरा आला ३०० आणि वरून कोणी सांगितले, २४० लिही. टक्केवारी काढा, उणे २० टक्के. ही त्रुटी नव्हे, ही लबाडी आहे, आणि तिच्याखाली सही कोणाची? साहेबाची नव्हे. पुढे तपासणी आली, खालच्या अंगाच्या विहिरींची ओरड झाली, तर आधी कोणाचे गेटपास बंद होतील हे मी सांगायला नको. जर्नलमध्ये १०.३ चे १०.० करण्याची सवय लागलेला हात लॉगबुकातही तेच करतो. म्हणून मी या तीन टक्क्यांवर एवढा अडून बसलो आहे.

चांगल्या लॅबमध्ये काय करतात तेही सांगतो, कारण मुलाखतीत हे विचारतात. कारखान्यात आलेल्या मालाचे खरे मूल्य आधी कोणालाच ठाऊक नसते, मग त्रुटी काढणार कशावरून? त्यासाठी ज्याचे मूल्य पक्के माहीत आहे असा प्रमाणित नमुना ठेवतात. आधी तो तपासायचा. त्यावर आपली शेकडा त्रुटी किती येते ते पाहायचे, आणि मग नव्या मालाला हात लावायचा. शाळेतल्या ०.०२ मोलर द्रावणाचे काम हेच होते. पोरीचा हात किती पक्का आहे हे मोजण्यासाठी ते द्रावण होते.

आमच्या कारकुनी खात्यातही तेरीज जुळली नाही तर फरक सस्पेन्स खात्यावर टाकतात आणि शोधत बसतात. जुळवण्यासाठी खोटी नोंद करणाऱ्याला आम्ही हुशार म्हणत नाही.

भगिनींना वाटेल की हे सारे शिकलेल्यांचे झाले. तसे नाही. एकदा मोजून त्रुटी कळते, पण पुष्कळदा मोजून तिचा स्वभाव कळतो. हाताची किंवा यंत्राची साधी त्रुटी कधी अधिक असते, कधी उणे. दर वेळी उणेच येत असेल तर तिच्यामागे काहीतरी आहे. मग ते बिघडलेले यंत्र असेल किंवा बिघडलेली नियत. अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य आहे. पाच माणसांच्या घराला २५ किलो. घरी आणून दुसऱ्या चांगल्या काट्यावर तोला. पिशवीचे वजन वजा करायला विसरू नका. २४ किलो भरले तर त्रुटी उणे ४ टक्के. एका महिन्यावरून भांडू नका. सहा महिने लिहून ठेवा. दर महिन्याला उणे तीन, उणे चार, उणे चार असेच येत असेल तर ती वही घेऊन तक्रार करा. दुकानदाराच्या काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो, तो कोणत्या तारखेचा आहे तेही पाहा. पेट्रोल पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप ठेवावे लागते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात मोजून दाखवावे लागते. तेथे २५ मिलिलिटरची सूट असते, म्हणजे अर्धा टक्का. त्यापलीकडे कमी भरले तर बोलायचा हक्क आहे.

प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेतले गुणही कधीतरी असेच मांडून पाहावे असे माझ्या मनात येते. लेखीत बरोबरीची असणारी आपली पोरे तोंडीला दर वर्षी, दर वेळी, एकाच बाजूला कमी पडत असतील, तर तो नशिबाचा खेळ म्हणून सोडून देऊ नये. पालकांनी तीन-चार वर्षांच्या गुणपत्रिका एकत्र ठेवून पाहाव्यात. आधी आकडे, मग आरोप.

शेवटी पाण्याचे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी प्याल्यावर ते ‘बाटले’ म्हणून शेण-गोमूत्राने शुद्ध करण्यात आले. रसायनशास्त्राला असली शुद्धता ठाऊक नाही. ते लिटरला किती मिलिग्रॅम एवढेच विचारते, आणि पाण्याला कोणी हात लावला हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे किट वापरायला शिकवायचे ठरले आहे. या पाचांत आपल्या वस्तीची बाई असलीच पाहिजे. किटमध्ये पाण्याला रंग येतो आणि तो कार्डावरच्या रंगांशी जुळवून आकडा ठरवायचा असतो. फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जास्त झाले की आधी लहान मुलांच्या दातांवर डाग दिसतात, पुढे हाडे धरतात. आता किटवर १.४ आले तर काय समजायचे? किटची त्रुटी १० टक्के धरली तर ०.१४ इकडे किंवा तिकडे. खरा आकडा १.२६ असू शकतो, तसाच १.५४ सुद्धा. म्हणजे मर्यादेच्या आत आहे असे ग्रामपंचायतीने लिहून दिले तरी बाईंनी पुन्हा नमुना भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा आग्रह धरावा. नमुन्याच्या बाटलीवर तारीख, वेळ आणि कोणत्या हापशाचे पाणी ते लिहावे.

तर ताई, मुलीला म्हणावे की जर्नलमधले १०.० एका रेघेने काप, वाचता येईल असे ठेव, बाजूला १०.३ लिही आणि खाली शेकडा त्रुटी चिन्हासकट. त्याखाली दोन ओळीत संभाव्य कारण. सरांकडून पुन्हा एकदा प्रयोग करायची परवानगी मागून घ्यावी. या वेळी ब्युरेट आधी परमँगनेटने खळबळून घ्यावी, तोटीतला बुडबुडा काढावा, आणि जे येईल ते लिहावे. शंका राहिल्यास पत्राने कळवावे, आमचे शिक्षक मित्र उत्तर देतील.

पुढील अंकात कंत्राटी कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कपातीचा हिशोब घेऊ. ज्यांना पगाराची स्लिप मिळते त्यांनी मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा जवळ ठेवाव्यात. ज्यांना मिळत नाही त्यांनी तसे लिहून कळवावे.